अंगठ्याआधी

इस्लामपूर, जून १९७६

चि. सुला,

वकिली शिकू का, असं विचारलंस. जरूर शीक. फक्त अडाणी माणसाचा अंगठा घेण्याआधी त्याला कागद मोठ्यानं वाचून दाखवत जा.

आमचे वडील गेल्यावर तुझ्या आईचा अंगठा मीच घेतला. "आक्का, जमिनीला तुझं नाव लावतोय," म्हणालो. तो हक्क सोडल्याचा कागद होता. साक्षीदार म्हणाला, वाचून दाखवा. आक्का हसली, "माझा भाऊ वकील हाय. वाचायचं काय त्यात?"

त्या दिवशी मी दिलेलं लुगडं ती मरेपर्यंत दर सणाला नेसली.

सनद मिळाली की पहिला दावा माझ्यावर लाव.

हे पत्र पेटीतच राहील. पोस्टात टाकायच्या कार्डावर लिहिलंय, पोरीच्या जातीला कोर्ट झेपत नाही, मास्तरीण हो.

तुझा मामा,
नाथाजी