अकलोलीच्या आत्याचा अंगठा

बाबा,

नात म्हणाली, आजी, तुझं आयुष्य लिहून ठेव, आम्हाला काहीच माहीत नाही. म्हणून वही घेऊन बसले, त्याला आता सात महिने झाले. शाळेतली नोकरी लिहून झाली, तुमच्या जावयाचं आजारपण झालं, भिवंडीत घर घेतलं तेही झालं. हात दुखतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. एकदा जगून झालं ते पुरे नव्हतं का? पण एक पान सुटता सुटत नाही. रविवारी नात वही न्यायला येणार, टाइप करून घरातल्या सगळ्यांना वाटणार. अकलोलीच्या आत्याची मुलगी अजून आहे, तिलाही एक प्रत जाणार आहे.

तुमची ती बहीण त्या दिवशी सकाळच्या एसटीने आली होती. आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, आत्या शेजारी पाय पसरून गुडघे चोळत बसलीय. पूर्णा गावातल्या आपल्या जमिनीवरचा तिचा हक्क सोडल्याचा कागद तुम्ही वकिलाकडून करून आणला होता. आपल्याकडे बहिणी असा कागद करून देतात, भाऊ लुगडं नेसवतो आणि त्यावर कुणी फार बोलत नाही. तुम्ही काही जगावेगळं करत नव्हता. घरात धड वाचता येणारी मी एकटीच, मॅट्रिकला बसलेली. कागद माझ्या हातात आला.

"पोरी, काय लिवलंय यात?" आत्याने विचारलं.

"बाबांचं नाव लावायचा कागद हाय. तुझा हिस्सा हाय तसाच ऱ्हाईल," मी म्हणाले.

तिने अंगठा उठवला, आईच्या हातची भाकरी खाल्ली, नवीन लुगडं नेसून तुमच्याबरोबर कचेरीत गेली. तिथेही तिला कुणी काही विचारलं नाही. पुढे त्या भातशेतावर गोदाम उभं राहिलं तेव्हा ती आपला वाटा विचारायला आली. तुम्ही कागद दाखवलात. ती तुमच्याशी भांडेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "तू वाचलंस ना गं?" त्यानंतर ती भाऊबीजेला आली नाही. तुमच्या दहाव्यालाही आली नाही.

या पानावर मी एक ओळ लिहिली आहे: बाबांनी मला खोटं वाचायला लावलं. सगळ्यांना ते पटेल. तुम्ही तापट होता, जमिनीपुढे तुम्हाला काही दिसत नसे, हे घरात सगळे जाणतात. लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही.

कारण कागद देताना तुम्ही म्हणाला होता, "जसं लिवलंय तसं वाच तिला." मीच वाचलं नाही. मला भिवंडीच्या कॉलेजात जायचं होतं. आत्या अडून बसली तर तुम्ही संतापाल, आणि त्या रागात माझं शिक्षण बंद कराल, अशी मला भीती वाटली. तुम्हाला कागदात काय आहे ते माहीत होतं. मी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंत आणि खाली मान घालून शाईचा डबा पुढे सरकवलात. तुमचा दोष तेवढाच.

ती ओळ मी अजून खोडलेली नाही, बाबा.