खालच्या दाढेचा फ्यूज

आदरणीय दाजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (गाल सुजलाय, त्यामुळे आठांपैकी सातच अंगं जमिनीला टेकली).

इकडे सगळे मजेत. तुमची तब्येत विचारत नाही, कारण अक्कानं फोनवर सगळं सांगितलंय: दाढेपायी जबडा सुजलाय, नुसतं दूध पिऊन दिवस ढकलताय आणि दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर धावून जाता. "आधी तुझ्या भावाला काढू दे दाढ, जिवंत परत आला तर बघू," असं म्हणालात म्हणे. तर कळवायला आनंद होतो की मी जिवंत आहे.

अहो दाजी, काय सांगू! मी वायरमन माणूस, उभा जन्म तारांशी झुंजण्यात गेला, पण असली कारागिरी पाहिली नाही. डॉक्टरीणबाई एवढ्याशा (आपल्या धाकटीच्या वर्गात खपतील). त्यांनी हिरडीला बधिर करायचं मलम लावलं आणि सुई घेऊन दाढ सोडून भलतीकडेच निघाल्या, पार मागे, जबड्याच्या कोपऱ्याकडे. मी बोटानं खुणावलं, बाई, दाढ इकडे! तर म्हणाल्या, खालच्या जबड्याचं हाड जाड, मागच्या दाढेपाशी टोचलेलं औषध आत झिरपत नाही, म्हणून नस हाडात शिरते तिथेच तिला गाठायची. मी हातच जोडले. म्हणजे पंख्याशी झोंबायचं नाही, सरळ बोर्डावरचा फ्यूज काढायचा! आणि नस दिसत नाही बरं का, नुसतं अंगठ्यानं हाड चाचपून ठिकाण काढलं. आम्ही एक वायर शोधायला अर्धी भिंत फोडतो.

थोड्या वेळानं अर्धा ओठ जड झाला, अर्धी जीभ परकी झाली. बाईंनी टोकदार हत्यार हिरडीला लावून पाहिलं, टोचलं नाही. पण आमच्या धंद्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: सप्लाय बंद आहे असं दुसऱ्यानं सांगितलं तर मानायचं नाही, आपला टेस्टर आपण लावायचा. मी हनुवटीला करकचून चिमटा काढला. आई गं, डोळ्यांपुढे काजवे चमकले! लाईन चालू! बाईंचे हात तोंडात, त्यामुळे बोलताही येईना. मी आपला चिमटे काढतोय आणि हातवारे करून सांगतोय, चालू आहे, चालू आहे!

"काका," बाई म्हणाल्या, "चिमटे उजवीकडे काढताय. बधिर डावी बाजू केलीय. आणि दाढ ही बघा."

ट्रेमध्ये पडली होती, मुळांसकट! दाजी, शप्पथ सांगतो, माझ्या तोंडातून माझी दाढ गेली आणि मलाच पत्ता नाही. जरा दाबल्यासारखं, रेटल्यासारखं वाटलं, बस्स. डोळ्यांत पाणी आलं ते कौतुकानं. (हनुवटी मात्र काळीनिळी पडलीय. दवाखान्यात मारामारी झाली का, असं शेजारी विचारतात.)

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला, एका दाढेनं हलका झालेला,
मेहुणा

ता. क. : शनिवारी तुमचं नाव नोंदवलंय. सूज आहे तर आणखी थांबू नका, आधी तपासून गोळ्या द्याव्या लागतील, असं बाईंनी बजावलंय. न्यायला मी येतोय. दार लावून बसलात तर लक्षात ठेवा, तुमची बेल मीच बसवलीय, दिवसभर वाजत ठेवीन.

ता. क. २ : ही म्हणते, खरं लिहा, सुई टोचल्यावर तुम्ही ओरडलात. साफ खोटं. टोचायच्या आधी ओरडलो.

ता. क. ३ : अक्काला सांगू नका, पण माझी दाढ दुखत नव्हती. वाकडी होती, आज ना उद्या काढावीच लागली असती, एवढंच. अक्का फोनवर रडली, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. लाईन आधी आपण तपासायची, मग दुसऱ्याला हात लावू द्यायचा. तपासलीय, दाजी. बंद आहे. या.