मागच्या सीटची पावती

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, हे एका परीने बरंच म्हणायचं. नाहीतर तुझ्या या आळशी भावाने आयुष्यात दोन ओळी लिहिल्या नसत्या.

इकडची बातमी म्हणजे मला दंड झाला. मी हेल्मेट घातलं होतं, पट्टा लावला होता, कागदपत्रं जवळ होती. दोन दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करून दुपारी पुलाखालच्या चौकातून चाललो होतो, तर तिथल्या पोलीसबाईंनी हात करून गाडी बाजूला घ्यायला लावली. लायसन्स पाहून परत दिलं आणि म्हणाल्या, की तुमचं सगळं ठीक आहे, पण आता मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, तर या बाईंचं कुठे आहे. मी वळून पाहिलं. सीट रिकामी. मी एकटाच आहे म्हटलं, तर मीच त्यांची थट्टा करतोय अशा नजरेने बघायला लागल्या. मुकाट्याने पावती घेतली.

पैसे काढायचा नवा प्रकार म्हणून सोडून दिलं असतं. पण परवा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका हवालदाराने मला नुसतंच दटावलं, की बाईमाणसाला असं उघड्या डोक्याने नेता, पडली तर काय कराल. त्याने एक पैसाही मागितला नाही.

तू तरी हसशील म्हणून कळवतोय. भाऊजींना नमस्कार. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

१३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले, पोटभर हसले. माझ्या होणाऱ्या भावजयीला तुझी वाट बघून कंटाळा आला असेल आणि ती आधीच येऊन बसली असेल. तुला नाही तर नाही, निदान पोलिसांना तरी दिसली. पुढच्या वेळी विचार त्यांना, दिसायला कशी आहे ते.

मी बरी आहे. बाहेर पडणं मात्र अजून जमत नाही. स्कूटरवरून पडले त्याला दोन वर्षं होत आली. डोक्याची जखम कधीच भरली, डावा कान गेला तो गेला, उजव्यालाही फोनवरचं धड कळत नाही, पण दाराशी गेलं की अजून पाय थिजतात. दुकानदार पडद्यांचं कापड घरी आणून टाकतो आणि शिवलेले पडदे घेऊन जातो, त्यामुळे माझं अडत नाही. तुझे भाऊजी अधूनमधून म्हणतात, की कोपऱ्यापर्यंत तरी चल. मी उद्या म्हणते.

एक नवीनच खूळ लागलंय. जेवण झालं की मशीनशीच झोप लागते, अगदी दगडासारखी. उठते तेव्हा केसांचा हा गुंता झालेला असतो, आणि डोळे धूळ गेल्यासारखे चुरचुरतात. खिडक्या तर मी लावून घेतलेल्या असतात. पण झोप इतकी छान असते म्हणून सांगू! जागी होते तेव्हा कुठून तरी लांबून फिरून आल्यासारखं वाटतं.

पोलिसांशी हुज्जत घालू नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस. मला तुझी आठवण येते, तशी तूही माझी काढत जा.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

पोलीसबाई आधी वैतागल्या, की स्वतःच्या गाडीवरची बाई कशी दिसते हे मला काय विचारता. मग माझा चेहरा बघून त्यांनी सांगितलं. बारीक चणीची, निळा स्वेटर, त्याला कोपरावर पडद्याच्या फुलाफुलांच्या कापडाचं ठिगळ. बोललं की उजवा कान पुढे करते, म्हणाल्या. आणि अतिशय खुशीत असते.

ताई, त्या स्वेटरचं ठिगळ तू माझ्यासमोर लावलंस.

तिथून मी थेट भंगारवाल्याकडे गेलो. त्याचा जमिनीतला मोठा काटा मीच दुरुस्त करतो, तो खोटं दाखवणार नाही. गाडी वर चढवली आणि मी खाली उतरलो. नुसत्या गाडीचं वजन किती असतं ते मला पाठ आहे. आकडा जास्त होता, एका बारीक बाईइतका. भंगारवाला म्हणाला, काटा बिघडलाय. मी हो म्हटलं. त्याला दुसरं काय सांगणार होतो?

दुसरं हेल्मेट घेतलंय, लहान मापाचं. ते मागच्या सीटला अडकवून ठेवतो. त्या दिवसापासून मला कोणी अडवलेलं नाही. पण गाडी वळवताना मी आता कुणाला तरी सांभाळून वळवतो.

भीती दाखवायची म्हणून लिहीत नाही. मीच घाबरलोय. तू दुपारी कुठे असतेस? तेवढं लगेच कळव, आणि जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
धाकटा

२७ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता कारखान्यात बसून लिहितोय. तुझं पत्र तिने मला वाचायला दिलं आणि स्वतः हसत राहिली. म्हणाली, धाकट्याला लहानपणापासून असलं काहीतरी सुचतं. पण हसताना तिने तो स्वेटर कपाटात आत ढकलून ठेवला.

काल दुपारी मी अचानक घरी गेलो. ती मशीनवर डोकं टेकून झोपली होती. हाका मारल्या, हलवलं, उठेना. श्वास नीट चालू होता. मान अवघडेल म्हणून उचलून पलंगावर ठेवावं म्हटलं. अरे, दोन्ही हातांनी जोर लावला आणि मीच मागे कोलमडलो. वजनच नव्हतं. घडी केलेला पडदा उचलावा, तशी उचलली गेली.

पलंगावर तशीच बसवून धरून ठेवली, सोडायची हिंमत होईना. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तिच्या अंगात हळूहळू भार आला. डोळे उघडले आणि विचारलं, की आज लवकर कसे आलात.

तू गाडी जपून चालव. एवढंच सांगता येतं मला. यापुढचं मला समजत नाही. तुझ्यावर भरवसा आहे.

तुझे,
भाऊजी

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजी म्हणतात तुला काही सांगू नये. पण तू ते माझ्याकडून काढून घेशीलच, म्हणून आपणच लिहितो.

गेल्या गुरुवारी चौकात एक हातगाडी आडवी आली आणि मी करकचून ब्रेक मारला. पडलो नाही. पण गाडी एकदम हलकी झाली. मागे पाहिलं, तर हेल्मेट सीटला तसंच अडकवलेलं. मी वेडा, मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो एकदाचा. पोलीसबाई लांबून काहीतरी ओरडत होत्या, मी थांबलो नाही.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला, की तू उठत नाहीस. डॉक्टर म्हणाले, नाडी ठीक, ताप नाही, झोप आहे. पण पांघरूण टाकलं की तू त्याखाली दिसेनाशी होत होतीस, असं भाऊजी म्हणाले.

सकाळी चौकात गेलो. पोलीसबाईंनी मला जे झापलं! म्हणाल्या, बाई रस्त्यावर पडली आणि तुम्ही खुशाल निघून गेलात. कालपासून रस्त्याकडेच्या कठड्यापाशी उभी आहे. घरी सोडू का म्हटलं तर ऐकत नाही, भाऊ येईल म्हणते.

कठड्यापाशी मला कोणीच दिसलं नाही. मी नुसतं हेल्मेट पुढे केलं. ते घेऊन त्या गेल्या, आणि एखाद्याला कोपराला धरून आणावं, तशा हात वाकवून परत आल्या. मी पुढे तोंड करून बसलो होतो, मागे बघायचा धीर नव्हता. सीट दबली. मागे पट्टा लागल्याचा खटका ऐकू आला. बाई म्हणाल्या, आता जा, आणि सावकाश.

अर्धा दिवस गाडी चालवली ताई. चहाला थांबलो नाही, तू उतरशील म्हणून. वाटेत पंपावरचा माणूस हटून बसला, की पेट्रोल भरताना बाईंना खाली उतरवा. मी त्याच्या हातापाया पडलो, तेव्हा कुठे भरलं त्याने. सगळा वेळ मी बोलत होतो. काय वाटेल ते, तुझ्या उजव्या कानाच्या बाजूला मान वळवून.

तुमच्या घरापाशी आलो तेव्हा भाऊजी दारात उभे होते. त्यांना काय दिसलं ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. ते फक्त बाजूला सरले, कुणाला तरी आत जायला वाट द्यावी तसे. थोड्या वेळाने आतून तू पाणी मागितलंस.

मी गाडीपाशीच बसून रडलो. हेल्मेट सीटवर होतं, पट्टा लावलेला, आणि आतून ऊबदार.

आता पुरे ताई. माया कर, पण घरात बसून कर.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू लिहिलंस म्हणून बरं वाटलं. तुझे भाऊजी सारखे माझा हात धरून बसतात आणि विचारलं तर हवापाण्याच्या गोष्टी करतात. दुपारची झोप गेली. अंग जड आहे, छान जड.

तुला राग येईल, पण खरं सांगते. पहिल्या दिवशी मला नुसतं बाहेर जावंसं वाटलं होतं. दाराशी पाय थिजले, म्हणून मशीनशी येऊन डोळे मिटले, तर वारा लागला आणि समोर तुझी पाठ होती. इतकं सोपं होतं ते. मग रोज आले. आपण घरी काय ठेवून येतोय, याचा विचारच केला नाही.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. ती तुला दिसली नसणार आणि पोलीसबाईंनी सांगितली नसणार. कठड्यापाशी मी एकटी नव्हते. तिथे रांगेने माणसं उभी होती. बायका जास्त, काही म्हातारे, सगळे बोडक्या डोक्याने. थांबणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटकडे बघत होते. कुणी रडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. माझ्या शेजारच्या बाईने मात्र विचारलं, की मला किती दिवस झाले. मी म्हटलं, कालच आले. तर म्हणाली, म्हणजे तुझ्या घरी अजून कुणीतरी हाका मारत असेल.

तिचा पत्ता विचारणार होते, तेवढ्यात तू आलास.

तेव्हापासून ती डोळ्यांसमोरून हलत नाही. कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी पलंगावर ती झोपलेली आहे, आणि घरच्यांना वाटतंय की आजारी आहे. त्यांना काय माहीत, तिला कुठून आणायचं ते?

काल मी दाराबाहेर पाऊल टाकलं. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. तुझे भाऊजी मागून येत होते आणि मला ते कळत नाही असं त्यांना वाटत होतं.

रविवारी ये आणि मला त्या चौकात घेऊन चल. या खेपेला मी सगळीच्या सगळी येईन, म्हणजे मला ती माणसं कदाचित दिसणार नाहीत. पण पोलीसबाईंना दिसतात. त्या एकेकाला पत्ता विचारतील, मी लिहून घेईन, आणि तू गाडी काढ.

दार उघडं ठेवून तुझी वाट बघणारी,
ताई