वेइहाईच्या बोटीने आलेली मुलगी

१४ ऑक्टोबर १९९०

येणार म्हणे. माझी मुलगी!

माझा गाववाला त्सुंग चीनहून, आमच्या गावाकडून परतला तो बंदरावरून थेट माझ्या भटारखान्यात शिरला. मी कढईत कांदा परतत होतो. म्हणाला, "छ्यू, तुझ्या बायकोला भेटून आलो. श्याओमानला पाठवते म्हणाली. वेइहाईहून इंछनची बोट सुरू झालीय, आता काय अडलंय?"

कांदा करपला. मालकांच्या वडिलांच्या वेळेपासून या चुलीवर मी आहे, असं कधी झालं नव्हतं. मालक डोकावले, वास घेतला, गेले.

'तुझ्या बायकोला' म्हणाला त्सुंग. आता ती सुताराची बायको. कोरियाच्या लढाईत मी मेलो अशी बातमी तिकडे पोचली होती, तिने तरी किती वाट बघायची? हे कळलं तेव्हाही मी राग धरला नव्हता. पण त्सुंगच्या तोंडून तो शब्द ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१६ ऑक्टोबर

निघालो तेव्हा पोर नुकती चालायला लागली होती. भिंतीला धरून यायची, भिंत संपली की बसायची. दोन हंगाम कोरियात, इंछनला राबतो आणि येतो, असं बायकोला, युनश्याला सांगितलं होतं. मग दोन्ही देशांचं वाकडं झालं नि चाळीस वर्षं समुद्रच बंद राहिला.

इथे सगळ्यांनी सुचवून पाहिलं — दुसरं लग्न कर. मी म्हणायचो, लग्न झालंय माझं, मूल आहे. हळूहळू विचारायचे थांबले. मे महिन्यात तिच्या वाढदिवसाला, लांब आयुष्य लाभावं म्हणून, लांब नूडल्स करतो. एका माणसापुरते करणं कठीण असतं, जास्तच होतात.

१८ नोव्हेंबर

आली.

बंदरावर मी चेहरे बघत उभा. युनश्याचा चेहरा शोधत होतो, तोही तरुणपणचा. म्हणून ती समोर आली तरी ओळखली नाही. रुंद खांदे, वाऱ्याने फाटलेले गाल, आणि तिच्याहून मोठाल्या चार पिशव्या. "छ्यू आचारी तुम्हीच का?" म्हणाली. मी मान हलवली. मग म्हणाली, "बाबा."

दोन पिशव्या उचलल्या नि चालू लागलो. तीळ होते. भलतेच जड.

सुरमईच्या सारणाच्या करंज्या उकडून ठेवल्या होत्या, आपल्या गावाकडे करतात तशा. ती भरभर जेवली. मी समोर बसून होतो — रडेल, काही विचारेल. तोंड पुसून तिने विचारलं, "इथे तिळाला काय भाव चाललाय?"

२० नोव्हेंबर

गेली. दोन्ही दिवस दुकानं हिंडत होती. तीळ खपले, लाल मिरची खपली, वाळवलेली अळंबी परत न्यावी लागली. संध्याकाळी आली की पाय शेकायची आणि झोपायची. माझी खाट तिला दिली होती.

त्सुंग म्हणतो, "चव्वेचाळीसची वाटत नाही रे. रंगवते की काय केस?" म्हटलं, तू तुझं टक्कल सांभाळ.

५ डिसेंबर

पुन्हा आली! आल्या आल्या माझ्यावरच ओरडली. "हा बनियन आहे की चाळण? आणि एवढ्या मोठ्या हॉटेलातला आचारी चुलीपाशी उभ्याने जेवतो?" मला खाली बसवून जेवायला लावलं. या देशात मला कोणी बसून जेव म्हटल्याचं आठवत नाही.

तिच्या लहानपणाचं विचारलं. "आठवत नाही," म्हणाली. सुताराबद्दल विचारलं. म्हणाली, "चांगला माणूस आहे. कमी बोलतो." युनश्याचे गुडघे गेलेत. बोट लागते तिला, नाहीतर आली असती म्हणे. खरंच आली असती का?

१९ डिसेंबर

त्सुंग पत्ते पिसता पिसता बोलून गेला. "छ्यू, राग नको मानू. फुकट खाट, फुकट जेवण. पोरगी तुझ्यासाठी नाही येत, तिळासाठी येते."

डाव अर्धा टाकून उठलो.

२० डिसेंबर

तिळासाठी येत असली तर येऊ दे. येते ना.

१६ फेब्रुवारी १९९१

आमचं चिनी नवीन वर्ष झालं. मुलगी नाही. जकातवाल्यांनी पिशव्या अडवायला सुरुवात केलीय, बोटीवरच्या कितीतरी बायकांनी धंदा सोडला. आमच्या चिनी गल्लीत या वर्षी फटाकेही फारसे नव्हते. निम्मी घरं तैपेईला नाहीतर अमेरिकेला गेली. मालकांनी जेवायला बोलावलं होतं. त्यांची नातवंडं कोरियन बोलतात, मला हसतात. लवकर निघून आलो.

खोलीत तिची चपलांची एक जोडी आहे. ती जागेवरून हलवावीशी वाटत नाही.

३ मार्च

नाही.

२७ मार्च

आली. या वेळी पिशव्या दोनच, लहान. हडकली आहे. "आई आजारी होती," म्हणाली. आता बरी आहे.

मी ठरवून ठेवलं होतं ते सांगितलं. यंदा छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, तुझ्याबरोबर गावी येतो. आईवडिलांच्या थडग्यांवरचं गवत मी एकदाही काढलेलं नाही. मालकांनी रजा दिलीय. युनश्याच्या दारात जाणार नाही, सुताराला अवघडायला नको. नुसतं थडग्यांशी जाऊन येईन.

मला वाटलं खूश होईल. ती उठून जिन्यात जाऊन बसली.

२८ मार्च

सकाळी मी कोबी चिरत होतो. ती दारात उभी राहून म्हणाली, "तिथे आजी-आजोबांच्या शेजारी अजून एक थडगं आहे. लहान."

"कोणाचं?"

"श्याओमानताईचं."

सुरी खाली ठेवली.

साठ सालच्या उपासमारीत गेली. चौदाची होती. स्वतःच्या वाटचं धाकटीला भरवायची, म्हणाली. ती धाकटी म्हणजे ही. छ्योफन. युनश्याची आणि सुताराची.

"तुम्ही त्सुंगकाकांकरवी विचारलंत, मुलगी कशी आहे. आईला सांगवेना. म्हणाली, तो जन्मभर एकटा राहिला, त्याला हे कसं सांगू? तू जा, एकदा बाबा म्हण आणि ये. एकदाच यायचं होतं मला."

"मग परत का आलीस?"

"तीळ होते." मग जमिनीकडे बघत, "आणि तुम्ही करंज्या करून बसायचात."

मी तिला जा म्हणालो. ओरडलो नाही. नुसतं जा म्हणालो.

२९ मार्च

कामावर गेलो नाही. ज्या वर्षी ती गेली त्या मे महिन्यातही मी नूडल्स केलेच असतील. खाल्लेही असतील.

३१ मार्च

मालक वर आले. भाताची पेज ठेवली. म्हणाले, "ती बाई बंदराच्या धर्मशाळेत आहे. बोट परवा आहे. माहीत असावं म्हणून सांगितलं." त्सुंगने सांगितलं असणार त्यांना.

छ्योफन किती वर्षांची असेल तेव्हा? पाच? पाच वर्षांच्या पोरीने काय करायचं होतं? समोर आलं ते खाल्लं.

श्याओमानने जिला भरवलं, तिला मी जा म्हणालो.

२ एप्रिल

बंदरावर गेलो. ती रांगेत होती, मला बघून पिशवीशी वाकली. मीही माझं तिकीट काढायला तिच्या मागे उभा राहिलो. खिडकीपाशी कारकुनाने विचारलं, सोबत कोण?

म्हटलं, धाकटी मुलगी.

ती पिशवीची दोरी बांधत होती. ऐकलं की नाही, कोण जाणे.