अकरा पावलं माती

१८ एप्रिल १९८३, सोमवार. औसा

आले ते: काळा घडीव दगड चार ट्रॉली, मुरूम दोन ट्रॉली, दुष्काळी कामावरची वडार माणसं सात. घरटी वर्गणी चाळीस रुपये. आमचे पहिल्याच दिवशी दिले. मठापासून गल्लीच्या टोकापर्यंत फरसबंदी होणार म्हणे. टोकाचं घर आमचं. बावीस वर्षं बसव जयंतीची पालखी आमच्या दारच्या लिंबाखाली टेकते, पहिली आरती माझी. यंदा दगडी वाटेवरून येईल.

२४ एप्रिल

दिवसभर ठोकाठोक. वडारीण प्रत्येक दगड हातोडीनं वाजवून बघते. बद्द वाजला की बाजूला.

२९ एप्रिल

काम संपलं — शिवगंगेच्या उंबऱ्यापाशी! शिवगंगा माझी धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून राहते. मुकादम म्हणाला, "बाई, मंजुरी इथवरच हाय. पुढं माती."

तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत पावलं मोजली. अकरा. चाळीस रुपये मात्र दोघींचे सारखे.

तिचे यजमान, मन्मथ भावजी, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून. रोज एसटीनं लातूरला जातात. मंजुरी नेमकी त्यांच्याच दारापर्यंत कशी, असं ह्यांच्याजवळ नुसतं सुचवलं, तर हे म्हणाले, "मोजणी त्यानं केली का? उगं काहीतरी." ह्यांना भावाबद्दल काही ऐकवत नाही.

२ मे

गल्ली पार बदलली. माणिकप्पा म्हातारे काम नसताना काठी आपटत चार चकरा मारतात. म्हणतात, "कशी वाजती बघा, गौरम्मा." बैल घसरतात. पोरं गोट्या खेळतात. शिवगंगेची रांगोळी संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी. माझी वारं नेतं.

भाजीवाली सरजाबाई पाटी घेऊन तिच्या दारापर्यंत येते अन् तिथूनच मला हाक मारते. "तुमच्याकडं फुफाटा लई हाय, तुम्हीच या." गेले. शिवगंगेच्या दारात उभं राहून वांगी घेतली.

४ मे

पहाटे कुणी उठायच्या आत फरशीवरून चालून आले. अनवाणी. मठापर्यंत आणि परत. काय गार लागतं पायाला! परत माझ्या मातीत पाऊल टाकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. नंतर लिंगपूजेत मन लागलं नाही. वय काय माझं, आणि रडू कशाचं.

७ मे

निलंग्याहून शिवकांतेचं पत्र. सातवा लागला. आधीच्या दोन्ही वेळा ह्याच महिन्यात गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढा महिना निभावला पाहिजे. महादेवा, माझी एकुलती एक लेक आहे ती.

पण पत्रात मला एकदा नमस्कार आणि काकूला दोनदा. "काकूच्या दारची फरशी कधी बघीन असं झालंय." लहान असताना जेवायची ती शिवगंगेच्याच ताटात. मी वाढून ठेवायची, पोर भिंतीपलीकडे. तेव्हाही सलायचं. पत्र शिवगंगेला वाचून दाखवलं, तो नमस्कार सोडून.

११ मे

मठात गेले होते. पालखीचं सगळं सिद्रामप्पा बघतात. म्हणाले, "पोरं दगडावरून येतील अन् दगड संपला तिथं टेकवतील. मातीत कशाला उतरायचं?"

म्हणजे आरती शिवगंगेची.

मी म्हटलं, "बावीस वर्षं माती चालली की."

"तवा सगळीकडंच माती होती, गौरम्मा."



१४ मे

टँकर चार दिवस आलेला नाही. दुपारी शिवगंगा आली. "अक्का, तुमच्या आडातलं वीस घागरी पाणी द्या. उद्या बाराच्या उन्हात फरशी तापंल. मारावं लागंल."

तिच्या दारात पालखी टेकावी म्हणून पाणी माझं!

मी म्हटलं, "आड आटला."

तिनं दोराकडे पाहिलं. दोर ओला होता. "बरं अक्का," एवढंच म्हणाली आणि गेली.

आडात कमरेइतकं पाणी आहे. इथं तरी खरं लिहिते.

१५ मे, रविवार. बसव जयंती, आखिती

सकाळी सासूबाईंच्या नावानं घागर भरून दिली. त्याच आडातली. पोहरा बुडाल्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला असणार.

बाराला पालखी निघाली. दगडांचा नुसता तवा झालेला. अनवाणी पोरं ह्या पायावरून त्या पायावर. आणि पालखीपुढे शिवगंगा — ओल्या लुगड्यानं दंडवत घालत! आडवी व्हायची, हात पोचेल तिथं लिंबू ठेवायची, उठून त्या खुणेपाशी उभी राहायची, पुन्हा आडवी. लुगडं चौथ्या घरापाशीच वाळलं. सातव्या घरापाशी आडवी झाली ती उठली नाही. बायकांनी उचलून सावलीत नेलं.

पालखीवाले थांबतात कुठले! पळतच आले, दगड संपताच मातीत उतरले, आणि पालखी माझ्या लिंबाखाली टेकवली. सिद्रामप्पा तळपाय चोळत म्हणाले, "तुमची मातीच बरी, गौरम्मा."

पहिली आरती माझी. तेविसावं वर्ष. शिरा चांगला झाला होता. मनात आलं, आरती मिळावी म्हणून काय काय सोंगं करतात माणसं.

१७ मे

जनरीत म्हणून कोरफड घेऊन शिवगंगेकडे गेले. दोन्ही तळहात सोललेले, गुडघे तसेच. भावजी भरवत होते.

म्हटलं, "कशाला गं हे नसतं?"

"नवस होता, अक्का. पाच घरं राहिली."

"कुणासाठी?"

"सांगायचा नसतो." आणि तोंड भिंतीकडे केलं.

बाहेर मठातली बसम्मा बसली होती. नवसाची गाठ तीच बांधते. मला ओट्याच्या कडेला घेऊन म्हणाली, "अर्धा राहिलाच, तर सांगते आता. तुझ्या शिवकांतेसाठी बोलली होती. सातव्यात पोट टिकू दे, मठापासून तुझ्या उंबऱ्यापर्यंत दंडवत घालते म्हणून. तिच्या न्हाई, तुझ्या उंबऱ्यापर्यंत. फरशी ओली असती तर झालं असतं बघ."

घरी आले. आडाच्या कठड्यावर बसून राहिले. ह्यांनी दोनदा जेवायला हाक मारली.

१८ मे

पहाटे वीस घागरी ओढल्या. सातव्या घरापासून फरशी भिजवली आणि तिथून आमच्या उंबऱ्यापर्यंत दंडवत घातले. शेवटची अकरा पावलं मातीतून. एकीचा नवस दुसरीनं पुरा केलेला चालतो का, हे कुणाला विचारायची छाती झाली नाही.

सकाळच्या टपालात कार्ड टाकलं. त्यातलं इथं उतरवते:

"चि. शिवकांतेस आशीर्वाद. काकूनं तुला दोनदा आशीर्वाद सांगितलाय. तिच्या हाताला लागलंय, म्हणून मी लिहिते. बाकी काही लिहू नकोस. बाळ हलतं का, तेवढं उलट टपाली कळव."