सतरा नंबरचा ठोकळा

सांगली, ४ मार्च २०२५

ती. उमामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. काल तुझे दीर सयाजीकाका पहार घेऊन आमच्या प्रयोगशाळेत शिरले. दाराची काच फोडली, आमचे रखवालदार चांदसाहेब, त्यांचं डोकं फोडलं. मी आडवी आले तर माझं मनगट मोडलं. ओरडत होते, की आमची पोर तुमी मेणात कोंडलीय, तीन वर्षं तिला गती न्हाई.

चूक माझी. तुझ्या स्वानंदीच्या मेंदूतल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपला आहे, हे मीच त्यांना बोलून गेले. सहा शहरांतली रुग्णालयं मिळून अशा गाठींतल्या खुणा शोधताहेत. कोणत्या मुलाला कोणतं औषध लागू पडेल ते आधी कळावं म्हणून. त्यासाठी तुझी सही मागणार होते.

पण काकांनी नेला तो ठोकळा तिचा नाही. सतरा नंबर माधवनगरच्या एका मुलाचा आहे. मुलगा जिवंत आहे, गाठ पुन्हा वाढते आहे आणि तपासायला तेवढाच तुकडा उरलाय. तुझा फोन लागत नाही, म्हणून पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते. ठोकळा शोध. रागावलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.

तुझी,
संयोगिता


वाई, ५ मार्च

चि. संयोगितास, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तशीच घाटावर गेले. भावजींनी ठोकळा लाल फडक्यात नारळाशी बांधून नदीत सोडला होता. नारळ कधी बुडतो का? तो पायरीशी परत येत होता आणि भावजी रडत रडत त्याला दगड मारत होते. मी सांगितलं, हे दुसऱ्याचं लेकरू आहे, जिवंत आहे. ऐकेनात. केसांना धरून मला पाण्यात बुचकळलं. हाताला शेजारी धुणं धुणाऱ्या हरणाबाईचं धोपाटणं लागलं, ते त्यांच्या कानशिलावर दोनदा घातलं. पाणी लाल झालं.

बाप गेल्यावर त्यांनीच स्वानंदीला खांद्यावर वाढवलं, हे मी विसरले नाही. पडल्या पडल्या विचारत होते, मग आपली कुठं हाय. म्हटलं, सांगलीला आहे, कामाला लागली आहे.

सतराचा आकडा शाबूत आहे. ठोकळा त्याच कंडक्टरकडे देते. सोबत वहीच्या पानावर माझी सही; चालत नसेल तर मी येते. हात जप. लुगडं अजून ओलं आहे, माया कोरडी नाही.

तुझी मावशी,
उमा


सांगली, २ एप्रिल

ती. मावशीस, शि. सा. न.

मेणानं पाणी आत येऊ दिलं नाही. सतरा नंबरात खूण सापडली, मुलाचं औषध सुरू झालं.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. स्वानंदीच्या ठोकळ्यातही तीच खूण निघाली. तिच्या वेळी ती शोधायची असते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

ये. मी घरीच आहे.

संयोगिता