धाकटीचं काय, ती धडधाकट

॥ श्री ॥
म्हैसूर,
२ डिसेंबर १९९६

ती. गौरत्तिगे यांस सुमंगलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि शिवरामअण्णाचा फोन, दोन्ही एकाच दिवशी पोचले. पित्ताशयात खडे आहेत हे कळून वर्ष उलटलं. डोळे पिवळे होईपर्यंत कशाची वाट बघत होता, अत्तिगे? बागेतली सुपारी तुमच्यावाचून झाडावर राहायची नाही. हुबळीचे डॉ. अंगडी दुर्बिणीतून काढू म्हणतायत ना, मग काढून मोकळ्या व्हा. आमच्या शेजारणीचं तसंच झालं. पोटावर चार भोकं, भाजी चिरताना विळी लागते त्याहून लहान. तिसऱ्या दिवशी बाई दारात रांगोळी घालत होती.

रागावू नका वहिनी, पण तुमच्याबद्दल मला भीती वाटते. अठ्ठावन्नाचं वय, रक्तात साखर आणि हे वजन. माझ्या लग्नात मी लाजून तुमच्यामागे लपले होते, आता अख्खं वऱ्हाड लपेल. शिवाय तुमची धाकटी जाऊ कावेरी सांगते की सणाचा शिरा तुम्ही कोठीघरात उभ्यानं खाता. निदान ऑपरेशनपर्यंत तरी खाऊ नका.

कावेरीलाही बारीकसे खडे आहेत म्हणे. तिचंही त्याच खेपेला उरकून टाका. पस्तिशीची काटक बाई, दुसऱ्या दिवशी उठून तुमची वेणी घालील. आमच्या वैदेहीचे दिवस भरत आलेत, मला इथून हलता येत नाही, तेव्हा तुमच्याजवळ ती आहे एवढाच मला धीर. तुमचा जीव मात्र सांभाळा.

माझ्यावरची माया आहे तशी राहो, कमी झालेली मला चालणार नाही.

तुमची धाकटी नणंद,
सुमंगला

॥ श्री ॥
हुबळी, दवाखान्यातून
१३ डिसेंबर १९९६

चि. सौ. सुमास गौरत्तिगेचे अ. उ. आ.

पलंगावर बसून लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर साखरेला दोष दे. दोघींचं मंगळवारी पार पडलं. मी जिवंत आहे आणि हे लोक मला बिनसाखरेची कॉफी देतात, यापलीकडे तक्रार नाही.

डॉक्टर तरुण आहे, पण पोलिसासारखा खोदून विचारतो. किती पायऱ्या चढल्यावर धाप लागते, पानात तंबाखू किती, आधी कधी पोट फाडलं होतं का, कुठली औषधं घेता. तंबाखू आधीच बंद करायला लावली होती. कावेरीची चौकशी मात्र दोन वाक्यांत संपली. कधी दुखलं होतं विचारलं, ती म्हणाली दोनेक महिन्यांपूर्वी, तळलेलं खाल्ल्यावर जरासं. तिच्याकडे बघून तो हसला आणि म्हणाला, तुमच्यासारखी पेशंट रोज मिळो.

माझ्या ऑपरेशनला फार वेळ लागला म्हणे. पोटात एक नळी ठेवलीय, दर थोड्या वेळानं कुणी ना कुणी येऊन बघून जातं. कावेरीच्या वेळी आत वाटलं होतं त्याहून सूज जास्त निघाली, पण निघालं नीट, असं डॉक्टर म्हणाला. संध्याकाळी ती खरोखरच उठून माझी वेणी घालायला आली. तू काळ्या जिभेची आहेस. दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. आपला नरहरी बायकोला लगेच घेऊन गेला, कारण सुपारी उतरवणारे गडी आलेत आणि मामंजींना पेज करून घालणारंही घरात कुणी नाही.

जाताना डॉक्टरनं बजावलं ते असं. पोट फुगवायला हवा भरतात, तिच्यामुळे दोन-तीन दिवस खांदा दुखेल, घाबरायचं नाही. पण कालच्यापेक्षा आज बरं वाटलंच पाहिजे. एखादा दिवस उलटा गेला तर विचार न करता परत यायचं. सांगत होता दोघींना, बघत होता माझ्याकडे.

मला अजून पाच-सहा दिवस ठेवणार. वैदेहीला जप.

तुझ्या आठवणीत मी असेनच, मायेनं असू दे.

गौरत्तिगे

॥ श्री ॥
हुलीमने,
१७ डिसेंबर १९९६

ती. सुमक्कांस कावेरीचा सा. न. वि. वि.

घरी सगळं ठीक. अंगणभर सुपारी पडलीय, चुलाणावर सुपारी उकडायची मोठी कढई चढलीय, आणि रोज वीस-बावीस पानं उठतायत. सोलायला येणाऱ्या बायकांना माझी भोकं बघायची होती. दाखवली, तर त्यातली नागम्मा म्हणाली की एवढ्यासाठी हुबळीला कशाला गेलीस, आमच्या बागेत जळवा याहून मोठी खूण करतात. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण हसताना फार दुखतं.

ह्यांनी बाई लावू का विचारलं होतं. मीच नको म्हटलं. हंगामात कोण मिळतंय, आणि मिळाली तरी तिला सांगत बसण्यापेक्षा आपण केलेलं बरं. मामंजी म्हणतात, हल्लीचं ऑपरेशन म्हणजे न्हाव्याकडे जाऊन येण्यासारखं.

खांदा अजून दुखतो. हवा आहे, जाईल. जेवण जात नाही, ताक-भात दोन घास, पण रांधणाऱ्याचं पोट वासानंच भरतं. परवा थोडी कणकण होती, तुळशीचा काढा घेतला. अक्का दवाखान्यातून गुरुवारी येणार, त्यांची खोली सारवून ठेवायचीय, कॉट माजघरात आणायचीय. त्यांना पायऱ्या चढू द्यायच्या नाहीत. त्यांचंच मनाला लागून राहिलंय.

वैदेहीची खुशाली लगेच कळवा. तिच्यासाठी तूप पाठवते आहे.

तुमच्या मायेत माझाही वाटा असावा.

कावेरी

॥ श्री ॥
म्हैसूर,
१९ डिसेंबर १९९६

चि. सौ. कावेरीस सुमक्काचे अ. उ. आ.

आत्ताच पोस्टमन तुझं पत्र देऊन गेला, लगेच लिहायला बसले. शाबास. ऑपरेशन करून आलीस आणि बावीस पानं वाढतेस, हे ऐकून वैदेही म्हणाली की मामीला इथंच बोलावून घे. आता एक कर. अत्तिगे घरी आल्या की त्यांच्यावर नजर ठेव. त्या दुखलं तरी सांगणाऱ्यातल्या नव्हेत. ताप आला, खाणं कमी झालं, तर त्यांचं न ऐकता गाडी मागव. तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे.

तुझी,
सुमक्का

॥ श्री ॥
हुबळी,
२७ डिसेंबर १९९६

चि. सुमास आशीर्वाद.

फोनवर मला धड बोलता आलं नाही, तू अण्णाला पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिलीस. म्हणून लिहिते.

त्या गुरुवारी, १९ तारखेला, मला उशा लावलेल्या टॅक्सीतून घरी आणलं. गौराईच आल्यासारखे सगळे दारात उभे. कावेरी पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन आली. सुमा, मी तिला ओळखलं नाही. तोंड सुकून एवढंसं झालेलं, डोळ्यांत पिवळी झाक, आणि पोट सहा महिन्यांच्या गर्भारशीसारखं. वाकताना तिनं माझ्या पावलाला हात लावला, तो तव्यासारखा तापलेला.

मी म्हटलं, गाडीत बस. ती म्हणाली, भात चुलीवर आहे, गडी आत्ता जेवायला वर येतील. मी म्हटलं, करपू दे. तरी ती मला सांगतेय की अक्का, तुम्ही उभ्या राहू नका, आधी टेका. नरहरी खांबासारखा उभा. म्हणाला, खांदा दुखतो म्हणत होती, ती हवाच ना? ड्रायव्हरनं कॉफीचा पेला खालीसुद्धा ठेवला नव्हता. माझ्याच उशांवर तिला निजवलं आणि तीच गाडी उलटी वळवली. मामंजी आडवे आले, म्हणाले, सूनबाई, तुझी स्वतःची जखम ओली आहे. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बाजूला केलं आणि गाडीत बसले.

डॉक्टर अंगडीनं तिच्या पोटाला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. यावेळी दुर्बीण नाही. हातभर उभं कापलं. पित्ताशयाच्या नळीचं तोंड ज्या चिमट्यानं बंद केलं होतं तो निसटला होता. आठवडाभर पित्त आत झिरपत होतं आणि ही त्यावर बावीस माणसांचा स्वयंपाक करत होती.

ती शुद्धीवर आल्यावर आणखी एक कळलं. हुबळीला यायच्या आठच दिवस आधी तिला मोठी कळ येऊन ताप भरला होता. कुणाला बोलली नाही. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी शेजारी बसलेली, मला कळू नये म्हणून दोन महिने म्हणाली. सूज होती ती त्याची.

आमचे हे डॉक्टरशी भांडायच्या तयारीनं बसले होते. तो बाहेर आला, आमच्याच बाकड्यावर बसला आणि आपणहून म्हणाला, चूक माझी आहे. सूज दिसल्यावर नळी ठेवायला हवी होती, चार दिवस ठेवून घ्यायला हवं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुमच्याबद्दल मला भीती वाटत होती म्हणून तुम्हाला दहा वेळा तपासलं. त्यांच्याकडे बघून भीती वाटलीच नाही. आपण सगळ्यांनी तेच केलं होतं, सुमा. सगळे नवस माझ्यासाठी, आणि मी इथं टाके सुकलेली, ठणठणीत बसलेय.

अजून नळ्या आहेत. ताप चढतो, उतरतो. मी काचेतून बघते.

गौरत्तिगे

॥ श्री ॥
म्हैसूर,
२ जानेवारी १९९७

ती. गौरत्तिगेंना सा. न.

वैदेहीला काल मुलगी झाली, दोघी सुखरूप. पेढे वाटायला हात उचलवत नाही. मी कावेरीला एक पत्र लिहिलं होतं, ते तुमच्या फोनच्या आधीचं. ते घरी पडलं असेल तर तिच्या हाती पडू देऊ नका, फाडून टाका. तुमच्यावर नजर ठेव म्हणून मी तिला बजावलंय त्यात. ताप कसा ओळखायचा तेसुद्धा.

मंगळवारी निघते. बाळाची आंघोळ वैदेहीची सासू बघेल.

सुमा

॥ श्री ॥
हुलीमने,
२२ फेब्रुवारी १९९७

ती. सुमक्कांस कावेरीचा सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून हे पहिलंच पत्र. लिहायला उशीर झाला, कारण एवढा वेळ बसता येत नव्हतं. आता येतं. परवा अंगणापर्यंत चालले.

तुमचं ते पत्र मी वाचलं. अक्कांनी फाडलं नाही, त्यांना फसवाफसवी जमत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अक्कांवर लक्ष ठेवायचं, हे मीही मनाशी घोकतच होते. त्यात स्वतःला कुठं बसवायचं हे मला सुचलंच नाही. तुम्ही दवाखान्यात विचारलंत की एवढं दुखत असताना बोलली का नाहीस. ते आता सांगते. अक्का वयस्कर, त्यांना साखर, त्यांचं मोठं. माझी चार भोकं बघून नागम्मा हसून गेलेली. त्या भोकांच्या जोरावर अंथरूण धरायचं कसं, याची लाज वाटायची. रोज वाटायचं, उद्या उतरेल. आता पोटावर हातभर व्रण आहे, तर नागम्मा पाण्याची घागरही उचलू देत नाही. व्रण दिसला की माणसांना दुखणं खरं वाटतं. मलाही तसंच वाटत होतं, हे जास्त वाईट.

ह्यांनी स्वयंपाकाला बाई लावलीय. मामंजी तिच्या सांबाराला नावं ठेवत दोनदा वाढून घेतात. गेल्या आठवड्यात तपासायला गेलो, तर डॉक्टर अंगडींनी मला खुर्चीवर बसवून अर्धा तास प्रश्न विचारले. अक्का बाहेर बसल्या होत्या. डॉक्टरांनीच मुद्दाम त्यांना बाहेर बसवलं.

अक्का रोज सकाळी माझ्या पलंगाशी येऊन विचारतात, कालच्यापेक्षा बरं आहे ना? मी रोज हो म्हणायची. खरं असायचं आणि नसायचंही. काल त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, नाही, आज बरं नाही. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. बोलून झाल्यावर मलाच धडकी भरली. अक्कांनी माझ्या कपाळाला हात लावला, ताप नाही ना बघितलं, पांघरूण नीट केलं, आणि मला काही न विचारता त्या विहिरीवर माझी धुणी धुवायला गेल्या. मी पडल्या पडल्या कपडे आपटल्याचे आवाज ऐकत राहिले.

नातीच्या बारशाला येता आलं नाही. तिला माझ्याकडून जवळ घ्या.

माया आहेच, ती मागायची मला आता लाज नाही.

तुमची,
कावेरी